करिअर एकदाच ठरवायचे असते का?

पदवीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, 'पुढे काय?' या प्रश्नाचे एकच उत्तर शोधायचे आणि ते जन्मभर धरून ठेवायचे, असे आपण मानत आलो. पण ज्या नोकरीच्या भरवशावर उत्तर द्यायचे, ती नोकरीच वीस वर्षांनी राहणार नसेल तर?

लखनौच्या विमानतळाला २००८ मध्ये चौधरी चरणसिंह यांचे नाव देण्यात आले. तरीही लखनौची माणसे त्याला अमौसीच म्हणतात. शहरातून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे एकेकाळचे गाव. आज तेथे विमानतळ आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि २०१९ पासून मेट्रोचे स्थानकही आहे. नोकरीधंद्याच्या जगात गेल्या पन्नास वर्षांत काय काय बदलले, हे पाहण्यासाठी देशभर फिरण्याची गरज नाही. अमौसीच्या आसपासचे चारपाच किलोमीटर पाहिले तरी पुरे.

या रस्त्यावर सरोजिनीनगर भागात 'स्कूटर्स इंडिया' हा केंद्र सरकारचा कारखाना होता. इटलीच्या इनोसेंटी कंपनीकडून लॅम्ब्रेटा स्कूटरची यंत्रसामग्री विकत घेऊन १९७२ मध्ये ही कंपनी स्थापन झाली. १९७५ मध्ये उत्पादन सुरू झाले. 'विजय' नावाची स्कूटर येथून बाहेर पडू लागली. पुढे याच कारखान्याची तीनचाकी 'विक्रम' उत्तर भारतातील कितीतरी शहरांत इतकी रुळली की त्या प्रकारच्या कोणत्याही रिक्षाला लोक 'विक्रम'च म्हणू लागले.

त्या काळी अशा सरकारी कारखान्यात चिकटणे म्हणजे आयुष्याचे सोने झाले, अशी भावना असे. पगार वेळेवर, निवृत्तीची तारीख ठरलेली, लग्नाच्या बाजारात मुलाचा भाव वधारलेला. आणखी काय हवे? पण १९९७ मध्ये स्कूटर बनवणे थांबले. तीनचाकीवर काही वर्षे निभावली. कारखाना तोट्यात रुतत गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो कायमचा बंद करण्यास मंजुरी दिली.

गोष्ट येथेच संपत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच जागेवर अशोक लेलँडच्या विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले. जागा तीच, रस्ताही तोच, व्यवसायही वाहनांचाच. पण स्कूटरचे इंजिन जोडणाऱ्या हाताला जे येत होते, ते बॅटरी आणि तिची विद्युत यंत्रणा हाताळणाऱ्या हाताला पुरणारे नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना हे ओळखीचे वाटेल. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाजच्या 'चेतक'साठी एके काळी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. बजाजने २००९ मध्ये स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. मग जानेवारी २०२० मध्ये 'चेतक' परत आली ती विजेवर चालणारी होऊन. नाव तेच राहिले आणि आतले सगळे काम बदलले.

चकचकीत नोकरीचीही हमी नाही

'कारखाने जुने झाले, आता विमानाचा जमाना आहे,' असे कोणी म्हणेल. अमौसीला विमानतळाचीही कहाणी आहे. लखनौच्याच सहारा समूहाची विमानसेवा डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. टापटीप गणवेश, सफाईदार इंग्रजी, देशभर उड्डाणे. त्या काळातल्या तरुणतरुणींना या नोकरीचे केवढे आकर्षण होते! २००७ मध्ये ही कंपनी जेट एअरवेजने विकत घेतली आणि तिचे नाव 'जेटलाइट' झाले. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची उड्डाणे बंद पडली आणि तिच्याबरोबर 'जेटलाइट'ही जमिनीवर आली. हजारो कर्मचारी बेकार झाले. वर्ष होते न होते तोच कोरोनाची साथ आली आणि २५ मार्च ते २५ मे २०२० असे दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणेच बंद राहिली. मे २०२३ मध्ये 'गो फर्स्ट'ही थांबली.

पण त्याच अमौसीत मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. म्हणजे काम संपले नाही. ते एका कंपनीतून दुसरीकडे गेले, एका विभागातून दुसऱ्या विभागात गेले आणि काही ठिकाणी त्याचे स्वरूपच बदलले. ज्यांना विमानातील फक्त एकच काम येत होते त्यांचे हाल झाले. ज्यांना त्या कामातले लोकांशी बोलणे, तक्रार हाताळणे, हिशेब ठेवणे, सुरक्षेचे नियम पाळणे ही कौशल्ये वेगळी काढून दुसरीकडे वापरता आली, त्यांना हॉटेल, इस्पितळ, बँक अशी दारे ठोठावता आली. दार लगेच उघडेलच असे नाही, पण कोणते दार ठोठवावे हे तरी कळले.

आज पदवीच्या वर्गात बसलेल्या मुलामुलींपुढचा खरा प्रश्न हा आहे. साठीपर्यंत टिकेल अशी नोकरी कोणती, हे त्यांना आज कोणीही सांगू शकत नाही. मग त्यांनी शिकायचे काय?

रांगेत गेलेली वर्षे

याचे सर्वांत सोपे वाटणारे उत्तर म्हणजे सरकारी नोकरी. लखनौ ही उत्तर प्रदेशाची राजधानी. २०१५ मध्ये तेथील सचिवालयातील शिपायाच्या ३६८ जागांसाठी सुमारे २३ लाख अर्ज आले. पात्रता होती पाचवी पास आणि सायकल चालवता येणे. अर्जदारांत पदवीधर आणि पदव्युत्तर मुले तर होतीच, पीएच.डी. झालेले २५५ जण होते. एका जागेमागे सहा हजारांहून अधिक उमेदवार!

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच राज्यात पोलीस शिपायांच्या ६०,२४४ जागांसाठी परीक्षा झाली. अर्ज होते ४८ लाखांहून अधिक. प्रश्नपत्रिका फुटल्याच्या तक्रारींमुळे ती परीक्षा रद्द झाली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी लागली. ज्यांनी वर्षभर घाम गाळला होता, त्यांचे काहीही चुकले नव्हते. तरी सहा महिने गेले.

महाराष्ट्रातही चित्र वेगळे नाही. पुण्यातील सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत अभ्यासिकांच्या पाट्या मोजताना दमछाक होते. राज्य लोकसेवा आयोगाने परीक्षेची पद्धत बदलण्याचे ठरवले तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि नवी पद्धत २०२५ पर्यंत पुढे ढकलावी लागली.

या मुलांना नावे ठेवणे सोपे आहे. पण सरकारी नोकरीमागे धावण्यात वेडेपणा काहीच नाही. ज्या घरात आजारपण आले की दागिने गहाण ठेवावे लागतात, त्या घराला दर महिन्याचा ठरलेला पगार हा मोठाच आधार असतो. लग्न, कर्ज, गावातील मान या सगळ्याची गाठ त्या पगाराशी बांधलेली असते. तयारी करणे ही चूक नाही. किती वर्षे करायची आणि नाही जमले तर काय, हे न ठरवता तयारी करणे ही चूक आहे. बाविसाव्या वर्षी 'एकच प्रयत्न' म्हणून सुरू झालेला अभ्यास तिसाव्या वर्षापर्यंत लांबतो, कारण 'आता इतकी वर्षे घातली, मग सोडायचे कसे?' असे वाटते. गेलेली वर्षे परत येत नाहीत. पण त्यांच्यापायी पुढची वर्षेही आपण पणाला लावतो.

जुळवून घेणे म्हणजे काय?

नोकरीची निवड हा अभ्यासाचा विषय आहे, हे जगाने मान्य केले त्याला शंभरांहून अधिक वर्षे झाली. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारे केंद्र काढले. त्यांचे सूत्र साधे होते. स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या आणि दोहोंचा मेळ घाला. आपल्याकडे दहावी-बारावीनंतर होणाऱ्या कल-चाचण्या बहुतेक याच विचारातून आल्या आहेत.

पुढे डोनाल्ड सुपर या मानसशास्त्रज्ञाने सांगितले की करिअर हा एका दिवसाचा निर्णय नसतो. माणूस बालपणापासून निवृत्तीपर्यंत कामाविषयीच्या आपल्या कल्पना घडवत जातो. मोठ्या माणसांच्या बाबतीत 'पक्वता' या शब्दापेक्षा 'जुळवून घेण्याची क्षमता' हा शब्द अधिक योग्य आहे, असा विचार १९७०-८० च्या सुमारास पुढे आला. मार्क सॅविकास यांनी तो वाढवला आणि २०१२ मध्ये एरिक पोर्फेली यांच्याबरोबर ही क्षमता मोजण्यासाठी २४ विधानांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यासाठी १३ देशांतून माहिती गोळा करण्यात आली होती.

या मोजपट्टीत चार गोष्टी पाहिल्या जातात. त्या आपल्या घरातल्या भाषेत सांगता येतील.

पहिली, पुढची फिकीर. 'होईल काहीतरी' म्हणून न बसता, तीन वर्षांनी आपण कोठे असू याचा आज विचार करणे.

दुसरी, स्वतःचा ताबा. आपला निर्णय आपण घेणे आणि त्याची जबाबदारीही घेणे. 'बाबांनी सांगितले म्हणून कॉमर्स घेतले,' असे म्हणणाऱ्या मुलाकडे नेमके हेच नसते.

तिसरी, कुतूहल. बाहेर कोणकोणती कामे आहेत, ती करणारे लोक दिवसभर काय करतात, हे जाणून घेण्याची इच्छा.

चौथी, भरवसा. अडचण आली तर आपण मार्ग काढू, नवे शिकू, हा स्वतःवरचा विश्वास.

यातील एकही गोष्ट गुणपत्रिकेवर छापली जात नाही. ८५ टक्के मिळवणाऱ्या मुलीत तिसरी आणि चौथी नसू शकते. ५५ टक्क्यांवर अडकलेल्या मुलात चारही असू शकतात. शिवाय या गोष्टी जन्मजात नसतात. त्या वाढवता येतात, ही मोठी दिलाशाची बाब आहे.

निर्णय अडतो कोठे?

वीस-एकवीस वर्षांची मुले तासन्‌तास विचार करूनही ठरवू शकत नाहीत, तेव्हा घरचे त्यांना आळशी किंवा बेफिकीर ठरवतात. इटमार गाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये निर्णय अडण्याची कारणे तीन गटांत मांडली. एक, ठरवायला बसण्याची मनाची तयारीच नसणे. दोन, माहिती नसणे. तीन, माहिती असूनही ती एकमेकींना छेद देणारी असणे. कारण कोणते आहे यावर उपाय ठरतो. ज्याला माहितीच नाही त्याला रागावून उपयोग नाही, आणि ज्याच्या कानात आई एक, वडील दुसरे आणि मामा तिसरेच सांगतात, त्याच्यासमोर आणखी चार माहितीपत्रके टाकूनही उपयोग नाही.

आपल्याकडे दुसरे कारण फार मोठे आहे. पुन्हा अमौसीचेच उदाहरण घेऊ. जवळच, रायबरेली रस्त्यावर १९९६ मध्ये स्थापन झालेले बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ आहे. शहरात १९२० मध्ये स्थापन झालेले लखनौ विद्यापीठ आहे. समजा, यांपैकी एखाद्या ठिकाणी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. करणारी मुलगी आहे. तिच्या डोक्यावरून रोज विमाने जातात. विमानतळावर वैमानिक आणि हवाईसुंदरी काम करतात, एवढेच तिला ठाऊक असते. पण ती विमाने सुखरूप उतरवणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकाच्या पदासाठी भारतीय विमानतळ प्राधिकरण भौतिकशास्त्र-गणितासह बी.एस्सी. झालेल्यांची परीक्षा घेते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. त्याचे प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या महाराष्ट्रातील गोंदिया येथे होते. वयाची मर्यादा असल्यामुळे ही माहिती तिसाव्या वर्षी मिळून काही फायदा नाही.

त्याच अमौसीच्या औद्योगिक वसाहतीत 'सिपेट' ही प्लॅस्टिक तंत्रज्ञान शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आहे. दहावीनंतरच्या पदविकेपासून बी.एस्सी. झालेल्यांसाठीच्या पदव्युत्तर पदविकेपर्यंतचे अभ्यासक्रम ही संस्था चालवते. महाराष्ट्रातही तिचे केंद्र आहे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन 'आता बी.एड. किंवा बँक' एवढेच दोन पर्याय पाहणाऱ्या किती घरांना हे माहीत असते?

उलट वैमानिकाच्या नोकरीची हौस सगळ्यांना असते. रायबरेलीजवळच्या फुरसतगंजमध्ये १९८५ मध्ये स्थापन झालेली इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. पण व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, त्याचा खर्च काही लाखांत नव्हे तर अनेक दहा लाखांत जातो आणि परवाना हातात आला म्हणजे नोकरी मिळालीच असे नसते. २०१९ आणि २०२० ही वर्षे हेच शिकवून गेली. घर गहाण टाकण्यापूर्वी ही दुसरी बाजूही माहीत हवी.

वकिलीतून संगीताकडे

मार्ग बदलणे म्हणजे अपयश, हा समज आपल्या समाजात खोल रुजला आहे. 'इंजिनिअरिंग करून हे काय करतोस?' हा प्रश्न लग्नकार्यात हमखास विचारला जातो. विचारणाऱ्यांना लखनौच्याच कैसरबागेतील एका संस्थेची आठवण करून द्यावी. तिचे आजचे नाव भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय.

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० मध्ये मुंबईत वाळकेश्वरला झाला. ते १८८५ मध्ये बी.ए. आणि १८८७ मध्ये कायद्याचे पदवीधर झाले. त्यांनी वकिलीही केली. पण त्यांचे नाव राहिले ते संगीतात. गावोगावच्या उस्तादांकडून त्यांनी चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत उतरवल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय उभे करण्यात पुढाकार घेतला. हेच पुढे त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

येथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. भातखंड्यांनी एका रात्रीत वकिली फेकून तंबोरा हाती घेतला नाही. पदवीचा अभ्यास चालू असतानाच, १८८४ मध्ये, ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले होते. वर्षानुवर्षे दोन्ही बरोबर चालले. शिवाय वकिलाची चिकित्सक बुद्धी संगीतात वाया गेली, असे कोण म्हणेल? पुरावे गोळा करायचे, तपासायचे, वर्गवारी करायची आणि मुद्देसूद मांडायचे, हीच तर त्यांच्या संगीतशास्त्राची पद्धत होती. पहिले शिक्षण दुसऱ्या कामात असे उपयोगी पडते. ज्याला मार्ग बदलायचा आहे त्याने हे शिकावे. नवा पाय टेकल्याशिवाय जुना उचलू नये.

मुलींचा निर्णय कोण घेते?

मुलींच्या बाबतीत हा विषय आणखी गुंतागुंतीचा होतो. मुलाला विचारले जाते, 'तुला काय व्हायचे आहे?' मुलीला विचारले जाते, 'सासरी चालेल असे काय करता येईल?' बदल हा मुलींच्या आयुष्यात गृहीतच धरलेला असतो. शहर बदलते, घर बदलते, मूल झाले की नोकरी सुटते. जुळवून घ्यायला आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो. पण ते दुसऱ्यांच्या निर्णयाशी जुळवून घेणे असते. वर सांगितलेल्या चार गोष्टींतील दुसरी, म्हणजे स्वतःचा ताबा, त्यात नसतो.

म्हणून मुलीच्या शिक्षणाचा विचार करताना दोन गोष्टी पाहाव्यात. ती शिकते आहे ते दुसऱ्या शहरात नेता येईल का? आणि तीन-चार वर्षे खंड पडला तर पुन्हा सुरू करता येईल का? हे प्रश्न तिच्याशी बोलून सोडवायचे असतात. लग्नाच्या बैठकीत नोकरीचा विषय निघतो तेव्हा तिच्या वतीने दुसऱ्याने उत्तर देऊ नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.

घरात काय करता येईल?

पालकांना वाटते, आपण चार पावसाळे जास्त पाहिले आहेत. खरे आहे. पण ते पावसाळे वेगळ्या काळातले होते. ज्या वडिलांनी एकाच कचेरीत तीस वर्षे काढली, त्यांचा अनुभव चिकाटी शिकवायला उत्तम आहे. कोणते क्षेत्र निवडावे हे सांगायला तो पुरा पडत नाही. तेव्हा मुलांच्या जागी निर्णय घेण्यापेक्षा त्यांना निर्णय घ्यायला शिकवणे अधिक उपयोगाचे ठरेल.

मुलगा किंवा मुलगी स्पर्धा परीक्षेचे नाव काढील तेव्हा 'कर' किंवा 'करू नको' म्हणण्याऐवजी कागद घेऊन बसावे. किती वर्षे, किती प्रयत्न, महिन्याला किती खर्च आणि कोणत्या तारखेला थांबायचे, हे दोघांनी मिळून लिहावे. त्याच वेळी दुसरे काय शिकायचे तेही लिहावे. टंकलेखन असो, हिशेबाचे संगणकावरचे काम असो, भाषांतर असो वा शिकवण्या, पण हात रिकामे नसावेत. थांबण्याची तारीख आधी ठरलेली असेल तर ती आली म्हणजे पराभव झाला, असे वाटत नाही.

जे काम करायचे म्हणतात, ते प्रत्यक्ष करणाऱ्या तीन माणसांना भेटायला लावावे. एक नवखा, एक दहा वर्षे जुना आणि एक ते काम सोडलेला. तिसऱ्याची भेट सर्वांत जास्त शिकवते. माहितीपत्रकात फक्त यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो असतात.

सुट्टीत दोन महिने एखाद्या कामाचा अनुभव घेऊ द्यावा, मग ते दुकानात असो वा कार्यालयात. काय आवडत नाही हे विसाव्या वर्षी कळणेही फायद्याचेच असते.

शिक्षणातील नव्या सोयी माहीत करून घ्याव्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोय ठेवली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी अशी ही रचना आहे. मिळवलेले श्रेयांक २०२१ पासून सुरू झालेल्या श्रेयांक पेढीत जमा राहतात. आपले महाविद्यालय ही सोय कशी राबवते, याची चौकशी मात्र प्रवेशापूर्वीच करावी. नोकरीची माहिती आणि समुपदेशन यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ पासून विनामूल्य चालू आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा तर १९६१ पासून आहे आणि त्याखाली पदवीधरांनाही काम शिकताना विद्यावेतन मिळते.

आणि एक गोष्ट न करण्यासारखी. मुलाची पत्रिका घेऊन ज्योतिष्याकडे धावू नये. ज्या नोकऱ्या पंधरा वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हत्या, त्या कोणत्या ग्रहाच्या घरात शोधणार? तेच पैसे एखाद्या चांगल्या समुपदेशकाला किंवा कामाच्या अभ्यासक्रमाला द्यावेत.

दोष कोणाच्या माथी?

'बदलत्या काळाशी जुळवून घ्या' हा उपदेश करायला सोपा आहे, म्हणून त्याचा गैरवापरही होतो. सरकारी कारखाना बंद पडतो, खासगी कंपनी एका रात्रीत उड्डाणे थांबवते, परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटते, तेव्हा दोष त्या तरुणाच्या जुळवून घेण्याच्या कमतरतेचा नसतो. पंचेचाळीस वर्षांच्या कामगाराला, ज्याची दोन मुले शाळेत आहेत आणि डोक्यावर घराचे कर्ज आहे, 'नवे कौशल्य शिका' असे सांगून मोकळे होणे हा निर्दयपणा आहे. वेळेवर आणि चोख परीक्षा घेणे, बंद पडलेल्या उद्योगातील माणसांना पुन्हा उभे करणे, महाविद्यालयात खरे समुपदेशन उपलब्ध करणे ही शासनाची आणि संस्थांची जबाबदारी आहे. ती मागत राहिलेच पाहिजे.

पण ती पूर्ण होईपर्यंत मुलांचे विसावे वर्ष थांबून राहत नाही. ते एकदाच येते. आणि जुळवून घेणे म्हणजे वारा येईल तिकडे वाहणेही नव्हे. दर सहा महिन्यांनी कोर्स बदलणारा मुलगा जुळवून घेत नसतो, तो निर्णय टाळत असतो. एखादे काम मन लावून नीट शिकणे आणि ते संपले तर दुसरे शिकण्याची उमेद बाळगणे, या दोन्ही गोष्टी बरोबर लागतात.

१९७५ मध्ये सरोजिनीनगरच्या कारखान्यात रुजू होणाऱ्या तरुणाला कोणी सांगितले असते की येथे एके दिवशी विजेवर चालणाऱ्या बस बनतील, तर तो हसला असता. आजच्या मुलांना पुढच्या पन्नास वर्षांचे कोणी काही सांगितले तर त्यांनाही हसूच येईल. म्हणून पुढच्या वेळी जेवणाच्या पानावर 'पुढे काय?' हा प्रश्न निघाला की त्याला थोडी पुस्ती जोडावी, 'आणि ते नाही जमले, तर त्याच्या पुढे काय?' हा दुसरा प्रश्न मुलाने धमकी समजू नये आणि आईवडिलांनी अपशकुन समजू नये. त्याचे उत्तर ज्या घरात आधी बोलून ठेवलेले असते, त्या घरातील मूल पहिल्या प्रश्नाच्या उत्तराकडेही न घाबरता जाऊ शकते.